मदत हवी आहे: अंगणातला 'ग रे सा' म्हणणारा पक्षी कोणता?

प्रिटोरियाकर
नमस्कार मंडळी. प्रिटोरियात भाड्याने राहतो. मागच्या अंगणात बाभळीच्या गोतातलं मोठं झाड आहे, इथे त्याला स्वीट थॉर्न म्हणतात. त्यावर दोन पक्षी येतात. चिमणीहून लहान, गोलमटोल, आखूड शेपटीचे, डोळे पिवळेधमक. एकाच्या छातीवर काळा पट्टा. दुसऱ्याचा पट्टा विटकरी, शिवाय गळ्यावर त्याच रंगाचा ठिपका. आवाज म्हणजे उतरते तीन सूर, चक्क ग रे सा. बायको गाणं शिकलेली आहे, तिच्या मते सा जरा बेसूर आहे. तर या दोन जाती कायम बरोबर कशा असतात?

खरी अडचण पुढेच. घरमालकांनी झाड छाटायला या शनिवारी माणूस बोलावलाय आणि काल मला फांदीच्या बेचक्यात एवढीशी वाटी दिसली. आधी लाकडाची गाठच वाटली. विटकरी पट्टेवाला आत बसला होता. छाटणी थांबवायला सांगू का? किती दिवस? जाणकारांनी कृपया लवकर सांगा.

काटेसावर
दोन जाती नाहीत हो, नवरा-बायको आहेत! चिनस्पॉट बॅटिस. काळा पट्टा नराचा. विटकरी पट्टा आणि गळ्यावरचा ठिपका मादीचा. म्हणजे नावातला ठिपका तिचाच. शास्त्रीय नाव बॅटिस मोलिटोर, मोलिटोर म्हणजे लॅटिनमध्ये गिरणीवाला. ते तीन सूर इथे एका इंग्रजी बालगीताच्या सुरुवातीवरून लक्षात ठेवतात, तुमचं ग रे सा बरोबर आहे.

कूस कोणत्या रंगाची आहे तेवढं बघा. पांढरी असेल तर हाच. तांबूस असेल तर केप बॅटिस, पण तो दाट जंगलातला.

दुर्बीणवाला
छाटणी थांबवाच. ती गाठ वाटते कारण वाटीला बाहेरून दगडफूल लावलेलं असतं, कोळ्याच्या जाळ्याने घट्ट बांधलेलं. आपल्याकडच्या नाचणाची वाटीही अशीच जाळ्याने लिंपलेली असते. अंडी बहुधा दोन. मादी एकटीच उबवते, नर तिला किडे आणून भरवतो. उबवायला साधारण अडीच आठवडे, पिल्लं उडायला जवळपास तेवढेच. आता ऑक्टोबर सुरू झालाय, त्यामुळे नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत हात लावू नका. घरट्याजवळ मोबाइल नेऊन फोटो तर अजिबात नको, ती उठून गेली की अंडी गार पडतात.

काटेसावर
आणखी एक. पाठीवर चमकदार हिरवा, पोटाला पांढरा असा पक्षी घुटमळताना दिसला तर तो क्लास कोकीळ. बॅटिसच्या घरट्यातही अंडं घालतो. आपल्या कोकिळेचीच जमात, फक्त इथे कावळ्याऐवजी या बिचाऱ्यांच्या गळ्यात.

प्रिटोरियाकर
कूस पांढरी आहे! नर माझ्या डोक्यावरून पंख फुर्रफुर्र वाजवत गेला, तेव्हा नीट दिसली. घरमालकीणबाईंना फांदी दाखवली. त्यांनाही आधी गाठच वाटली, मग गाठीने मान वळवली. छाटणी पंधरा नोव्हेंबरनंतर. हिरवा पक्षी अजून दिसला नाही, पण तो आलाच तर हाकलायचा का?

दुर्बीणवाला
नाही. तोही तिथलाच.