माझ्या मानेवर सिस्ट, आईच्या मूत्रपिंडातही सिस्ट: हा एकच आजार आहे का?

पहाटवारा

दोन वर्षांपासून माझ्या मानेवर, केस संपतात तिथे, वाटाण्याएवढी गाठ आहे. मधोमध काळा ठिपका. डॉक्टर म्हणाले होते, "सिस्ट आहे, त्रास झाला तर काढू." मागच्या आठवड्यात मी ती आरशात बघून दाबली. पांढरं, घट्ट काहीतरी बाहेर आलं आणि इतका घाण वास आला की हात तीनदा धुतले. आता ती जागा लाल झाली आहे आणि ठणकते आहे.

एवढंच असतं तर इथे लिहिलं नसतं. परवा आईच्या पोटाची सोनोग्राफी केली. संशय पित्ताशयातल्या खड्यांचा होता. खडे निघाले नाहीत, पण रिपोर्टमध्ये उजव्या मूत्रपिंडात २.३ सेंटिमीटरची 'सिंपल सिस्ट' असं लिहून आलं. आईचं वय ६४. तो शब्द वाचल्यापासून ती गप्प आहे. काल रात्री दिवा मालवल्यावर तिने विचारलं, "तुझी आणि माझी एकच का गं? अंगात पसरते का ती?" मला उत्तर देता आलं नाही. कुणी नीट समजावून सांगेल का?

निवृत्त परिचारिका

ताई, आईंना आजच सांगा: एक नाही, आणि मानेवरची गाठ मूत्रपिंडात जात नाही. मी २९ वर्षं सर्जरीच्या वॉर्डात आणि थिएटरमध्ये काम केलं. हाच प्रश्न, हाच घाबरलेला चेहरा खूप वेळा पाहिलाय.

सिस्ट हे एका आजाराचं नाव नाही. पातळ भिंतीची बंद पिशवी, आत पाणी, चिकट द्रव किंवा लगदा, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. ती कुठे झाली, तिची भिंत कशी आहे आणि आत काय आहे, हे कळल्याशिवाय त्या शब्दाने घाबरायचंही नाही आणि निर्धास्तही व्हायचं नाही.

तुमची गाठ वर्णनावरून त्वचेतली वाटते, एपिडर्मॉइड सिस्ट. लोक तिला सरसकट चरबीची गाठ म्हणतात, पण आत चरबी नसते. त्वचेचा वरचा थर रोज झडतो. तोच थर आत दुमडून पिशवी झाली की झडलेलं केराटिन, म्हणजे त्वचेतलं प्रथिन, बाहेर पडायला वाट उरत नाही आणि आतच साठतं. वास त्याचाच. चरबीची गाठ म्हणजे लायपोमा: मऊ, बोटाखाली सरकणारी, तिला काळा ठिपका नसतो, आणि ती सिस्टही नाही.

दाबलीत ते चुकलं, आणि का ते सांगते. अशा गाठी काढताना मी टेबलाशी ट्रे धरून उभी असायची. पिशवी अखंड निघाली तर मोत्यासारखी पांढरी, गुळगुळीत निघते. दोन टाके आणि विषय संपला. फुटली की थिएटरभर वास सुटायचा आणि सर्जन चिमट्याने भिंतीचा एकेक तुकडा शोधत बसायचे, कारण नखाएवढी भिंत राहिली तरी गाठ पुन्हा भरते. दाबल्यावर लगदा बाहेर येतो, पिशवी आतच राहते. वर ती आतल्या आत फुटली की केराटिन आजूबाजूला पसरून सूज येते. लाल, सुजलेली गाठ लगेच पूर्ण काढणं अवघड जातं. पू झाला असेल तर आधी चीर देऊन तो काढतात आणि सूज उतरल्यावर काही आठवड्यांनी पिशवी काढतात. आता हात लावू नका. एक-दोन दिवसांत दाखवा. ताप आला किंवा लाली पसरत गेली तर त्याच दिवशी.

आता आईंचं. रिपोर्टमधला 'सिंपल' हा शब्द त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. पातळ भिंत, आत स्वच्छ पाणी, मध्ये पडदे नाहीत, असा त्याचा अर्थ. पन्नाशीनंतर मूत्रपिंडात अशी पिशवी सापडणं अगदी नेहमीचं आहे. मॉर्टन बॉस्नियाक या रेडिओलॉजिस्टनी १९८६ मध्ये मूत्रपिंडातल्या सिस्टची वर्गवारी मांडली, ती आजही वापरतात. साधी पाण्याची पिशवी पहिल्या वर्गात बसते आणि तिला सहसा उपचार लागत नाहीत. जाड भिंत, जाड पडदे, आत घट्ट भाग दिसला तर वरचे वर्ग आणि पुढच्या तपासण्या. दोन्ही मूत्रपिंडं सिस्टनी भरलेली असणं हा मात्र वेगळा, आनुवंशिक आजार आहे. एका साध्या पिशवीवरून तो ठरत नाही. रिपोर्ट डॉक्टरांना एकदा दाखवाच.

बॅडमिंटनवाला

माझ्या मनगटाच्या वरच्या बाजूला गँगलियन होतं, तीही एक सिस्टच. गोटीएवढं, टणक. डॉक्टरांनी खोलीतला दिवा बंद करून बॅटरी टेकवली, तर गाठ आतून उजळली. आत सांध्यातून आलेलं जेलीसारखं पाणी असतं म्हणाले. सुईने काढलं, चार महिन्यांत परत आलं. मग मी नाद सोडला आणि वर्षभरात ते आपोआप बसलं. जाड पुस्तक आपटून फोडायचा जुना सल्ला मलाही मिळाला होता. कृपया करू नका, हाड मोडू शकतं.

सायंतारा

मला अंडाशयात ४ सेंटिमीटरची सिस्ट निघाली होती. दोन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी केली, तर नाहीशी. हे कसं काय?

निवृत्त परिचारिका

सायंतारा, पाळी सुरू असलेल्या वयात अंडाशय दर महिन्याला बीजासाठी छोटी पिशवी तयार करतंच. कधी ती वेळेत फुटत नाही, कधी फुटल्यावर पुन्हा भरते, आणि एक-दोन-तीन पाळ्यांत विरते. म्हणून थांबून पुन्हा बघतात. डर्मॉइड नावाची अंडाशयातली सिस्ट मात्र विरत नाही. तिच्यात केस, कधी दातही सापडतात, मी स्वतः ट्रेमध्ये पाहिलेत. पाळी गेल्यानंतर सिस्ट दिसली तर जास्त बारकाईने तपासतात. आणि सिस्ट माहीत असताना एका बाजूला अचानक असह्य कळ, सोबत उलट्या, असं झालं तर रात्र काढू नका. अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो आणि तिथे तास मोजावे लागतात.

सुईचा विषय निघालाच आहे म्हणून एक गोष्ट. यकृतातली प्रत्येक पिशवी साधी नसते. कुत्र्याच्या आतड्यातल्या एका फीतकृमीमुळे हायडॅटिड सिस्ट होते. आमच्याकडे अशी शस्त्रक्रिया असली की सर्जन पिशवीभोवती औषधात भिजवलेले कपडे रचून घ्यायचे, कारण आतला थेंब पोटात सांडला तर नव्या पिशव्या धरू शकतात आणि जिवावर बेतणारी ॲलर्जीही येऊ शकते. आत ओल्या कागदासारखा पांढरा पडदा असायचा. तो पाहिल्यापासून "पाणीच आहे ना, काढून टाका" हे वाक्य ऐकलं की मी समोरच्याला खाली बसवून समजावते.

पहाटवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दाखवून आले. पू झाला होता, छोटी चीर देऊन काढला. सहा आठवड्यांनी पिशवी काढायची तारीख दिली आहे. आईचा रिपोर्टही डॉक्टरांनी पाहिला, काही करायचं नाही म्हणाले. घरी येऊन मी तिला बॉस्नियाकचा पहिला वर्ग समजावत होते, तर तिने चष्मा लावला, रिपोर्ट उजेडात धरला आणि 'सिंपल' या शब्दाखाली पेनने रेघ मारली. मग माझी मान वळवून पट्टी बघितली आणि म्हणाली, "आता हात लावशील तर बघ."