मदत हवी आहे: रंगपंचमीला सापडलेल्या बॉर्डर कॉलीला मेंढ्या वळायला शिकवायचं आहे (इंदूर)

नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा विचित्र आहे. हसायचं तर हसून घ्या, पण मग उत्तरही द्या.

आम्ही इंदूरला, राजेंद्र नगरात राहतो. यंदा रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) बघून नवरा आणि लेक राजवाड्याकडून परत येत होते, तेव्हा एका बंद दुकानाच्या पायरीवर हा बसलेला दिसला. गुलाबी, हिरवा, जांभळा, आणि थरथर कापतोय. गळ्यात पट्ट्याचा तुटका तुकडा. घरी आणून तीनदा आंघोळ घातली तेव्हा कळलं की खालून कुत्रा काळा-पांढरा आहे. कपाळावरचा पांढरा पट्टा मात्र मे उजाडेपर्यंत गुलाबीच होता. नाव अर्थातच रंगा. मालकाचा शोध घेतला, फोटो फिरवले, कोणी पुढे आलं नाही. डॉक्टर दात बघून म्हणाले, बॉर्डर कॉली आहे (मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्यांची जात), दोनेक वर्षांचा असेल.

घरात पाहुणे आले की सगळे एका खोलीत जमेपर्यंत त्याला चैन नसते. सासूबाई चहा ठेवायला उठल्या की हा वळसा घालून पुढे जातो आणि त्यांना परत सोफ्यापाशी आणून सोडतो. भुंकत नाही, दात लावत नाही. मान खाली, एक पाय उचललेला, नुसता टक लावून बघतो. सासूबाई म्हणतात, 'मला ओलीस ठेवलंय यानं.' सकाळ-संध्याकाळ मिळून दोन तास फिरवतो, तरी रात्री भिंतीवरच्या सावल्यांच्या मागे लागलेला असतो.

शहरातल्या एका ट्रेनरने काटेरी पट्टा घालायला लावला आणि पहिल्याच दिवशी हिसका देऊन दाखवला. रंगा दोन दिवस पलंगाखालून बाहेर आला नाही. तो पट्टा बंद, तो ट्रेनरही बंद.

आता मुद्दा. सिमरोलच्या पुढे मामेभावाचं शेत आहे, त्याच्याकडे अकरा मेंढ्या आहेत. भाऊबीजेला गेलो होतो. माझ्या हातून दोरी सुटली आणि रंगा असा काही गोल वळसा घालून मेंढ्यांच्या मागे गेला की मामेभाऊ हातातला फराळ विसरून बघत राहिला. अर्ध्या मिनिटात अकराच्या अकरा कोपऱ्यात. माझे डोळे भरून आले. पुढच्या अर्ध्या मिनिटात तो सरळ आत घुसला, एका मेंढीच्या मागच्या पायाला धरलं, ती काटेरी तारेत अडकली. मांडीला चार टाके. खर्च आम्ही दिला, भाऊ काही बोलला नाही, पण वहिनीचा चेहरा मला दिसला.

तरी त्या संध्याकाळी रंगा घरी येऊन जो झोपला, तसा गेल्या आठ महिन्यांत झोपला नव्हता.

इथे हे शिकवणारं कोणी सापडत नाही. सुरुवात मेंढ्यांपासून करू की बकऱ्यांपासून? पावसाळा संपला की मारवाडकडचे रेबारी मेंढ्या घेऊन माळव्यात येतात, त्यांच्या डेऱ्यावर नेलं तर? आणि एकदा चावलेला कुत्रा या कामाला चालतो का? की हे सगळं माझंच वेड आहे?

पोहेवाला:
वहिनी, आधी त्याला छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत न्या. रविवारी सकाळी तिथली गर्दी वळून दाखवली तर मेंढ्या किस झाड की पत्ती.

मेंढरामागचा:
ताई, मी धनगराच्या घरातला. आजोबांपर्यंत सगळे मेंढरांमागे, मी आता देवासला नोकरीत. डेऱ्यावर नेण्याचा विचार सोडून द्या, हात जोडून सांगतो.

आपल्याकडची मेंढपाळाची कुत्री वळत नाहीत, राखतात. दिवसभर कळपाच्या कडेने चालायचं, रात्री वाड्याभोवती बसायचं आणि लांडगा आला तर अंगावर घ्यायचं, एवढंच त्यांचं काम. कळप वळतो तो माणसाच्या हाळीने, शिट्टीने, काठीने, आणि पुढे चालणाऱ्या एखाद्या जुन्या मेंढीच्या मागे. तुमचा रंगा मान खाली घालून टक लावत आला की आमच्या मेंढरांना तो लांडगाच दिसणार. आणि डेऱ्यावरच्या कुत्र्यांनाही तसाच दिसणार. ती त्याला फाडतील, आणि त्यांचं काही चुकलं असंही मी म्हणणार नाही.

शिवाय कळपात गाभण मेंढ्या असतात. पळवल्या तर गाभ टाकतात. तुमच्यासाठी ती एक सकाळ, मेंढपाळासाठी वर्षाची कमाई. भावाच्याच मेंढ्या बघा, त्यातल्या गाभण वेगळ्या काढायला सांगा, आणि वहिनींना आधी विचारा.

क्राइस्टचर्चकर:
वेड वगैरे काही नाही. मी सहा वर्षं न्यूझीलंडला आहे, शेजारच्या शेतावर हौसेने जातो आणि दोन कुत्र्यांबरोबर (आणि त्यांच्याहून जास्त त्यांच्या म्हाताऱ्या मालकाकडून) शिकलो. सविस्तर लिहितो.

आधी चावण्याबद्दल. शिकारी प्राण्याची साखळी असते: बघणं, टक लावणं, दबा धरणं, पाठलाग, मग चावा. माणसाने पिढ्यानपिढ्या निवड करून यातला चावा बोथट केला आणि टक धारदार केली. बोथट केला म्हणजे पुसला नाही. १८९३ साली इंग्लंडच्या नॉर्थम्बरलंडमध्ये ॲडम टेल्फर या माणसाकडे ओल्ड हेम्प नावाचा कुत्रा जन्मला. न भुंकता, नुसत्या नजरेने मेंढ्या हलवायचा. आजच्या जवळजवळ सगळ्या बॉर्डर कॉलींची वंशावळ त्याच्यापाशी पोचते. तेव्हा सासूबाईंना सांगा, ओलीस ठेवणारा खानदानी आहे.

रंगा घुसला कारण मेंढ्या कोपऱ्यात अडकल्या. त्यांना जायला वाट नाही, त्याला पुढे काय करायचं माहीत नाही. तशा कोंडीत नवखा कुत्रा दात लावतोच. एका चाव्यावरून त्याला बाद करू नका. पण पुन्हा कधीही कोपरे असलेल्या जागी त्याला सुटा सोडू नका.

मेंढ्यांच्या आधी दोन गोष्टी पक्क्या हव्यात: बोलावलं की येणं आणि जिथे असेल तिथे थांबणं. घरात नव्हे, घरात सगळेच शहाणे असतात. मैदानात, समोर मुलांचं क्रिकेट चालू असताना. एक विचारतो, तुम्ही 'बस' कशासाठी म्हणता?

धागाकर्ती:
खाली बसायला 'बस'. आणि... अरे देवा. सावलीमागे धावायला लागला की 'बस, बस आता!' हेही दिवसातून वीसदा.

क्राइस्टचर्चकर:
वाटलंच. एकाच शब्दाचे दोन अर्थ झाले, म्हणून तो दोन्ही सोडून देतो. तिकडे थांबायला 'लाय डाउन' आणि काम संपलं की 'दॅट विल डू' म्हणतात, दोन्ही कानाला अगदी वेगळे. तुम्ही थांबायला 'थांब' आणि संपलं की 'चला घरी' ठेवा. 'बस' सासूबाईंना पाहुण्यांसाठी राहू द्या.

दिशांसाठी 'कम बाय' म्हणजे मेंढ्यांभोवती घड्याळाच्या काट्याप्रमाणे, 'अवे टू मी' म्हणजे उलट. इंग्रजीत लोक आद्याक्षरांवरून लक्षात ठेवतात (सी म्हणजे क्लॉकवाइज, ए म्हणजे अँटिक्लॉकवाइज). आपल्याला सोपं आहे: कम बाय म्हणजे प्रदक्षिणा. देवाच्या जागी मेंढ्या. शब्द कुठलेही ठेवा, पण एकमेकांसारखे ऐकू येणारे नकोत. आणि पहिले काही आठवडे दिशांचे शब्द वापरूच नका. तो आपणहून ज्या बाजूने निघेल, त्या क्षणी तो शब्द फक्त म्हणायचा.

आता मेंढ्यांपाशी. बकऱ्या नकोत, त्या उलट फिरून शिंगं दाखवतात आणि चारी दिशांना पांगतात. एकटी मेंढीही नको, एकटी पडली की ती जिवाच्या आकांताने पळते. चार-पाच धडधाकट मेंढ्या, गोल कुंपण, व्यास निदान पन्नास फूट. कोपरा एकही नाही. काटेरी तार तर अजिबात नाही, बांबू आणि जाळी चालेल. तुमच्याकडच्या मेंढ्यांना असा कुत्रा माहीत नाही, म्हणून पहिले पाच-सहा दिवस मेंढ्या कुंपणाच्या आत आणि रंगा बाहेर, लांब दोरीवर. बाहेरून फिरवा, मध्येच 'थांब', मग पुन्हा चालू द्या. बिस्किट वगैरे काही नको. पुन्हा मेंढ्यांकडे चालायला मिळणं हेच त्याचं बिस्किट आहे. मेंढ्या त्याला बघत बघत चरायला लागल्या की समजा दोन्ही बाजूंचा पहिला धडा झाला.

मग आत. तुम्ही सहाच्या काट्यावर, मेंढ्या मध्ये, तो आपोआप बाराच्या काट्यावर जायला बघेल. तुम्ही उलट पावली चालत राहा. तो मेंढ्या तुमच्याकडे आणून देईल, कारण त्याच्या रक्तात तेवढंच लिहिलंय. तो वळसा सोडून आत कापायला लागला की त्याच्या खांद्याच्या दिशेने एक पाऊल टाका, काठी आडवी धरून. काठी म्हणजे लांब केलेला हात. मारायला नाही, जागा मागायला. सात-आठ मिनिटं पुरे. चांगलं चाललेलं असताना थांबवायचं, हे सगळ्यात अवघड. मला अजून जमत नाही.

ढोरडॉक्टर:
मध्ये बोलतो, कारण याविषयी कोणी लिहिलं नाही. कॉली जातींत एमडीआर१ नावाच्या जनुकातला दोष सापडतो. रफ कॉलीत जास्त, बॉर्डर कॉलीत कमी, पण रंगाची वंशावळ तुम्हाला ठाऊक नाही. हा दोष असला तर गोचीड-खरजेसाठी मोठ्या मात्रेत दिलेलं आयव्हरमेक्टिन थेट मेंदूपर्यंत जातं. बाहुल्या विस्फारतात, लाळ गळते, कुत्रा लडखडतो, पुढे बेशुद्ध पडतो. गालाच्या आतून बोळा फिरवून तपासणी होते. ती होईपर्यंत तुमच्या डॉक्टरांना 'कॉली आहे' एवढं प्रत्येक वेळी सांगा. हेच औषध मेंढ्यांनाही देतात, म्हणून भावाने औषध पाजलं असेल तर काही दिवस रंगाला लेंड्या खाऊ देऊ नका. आणि तो खाणारच.

दुसरं, शेतावर नेण्याआधी प्राझिक्वान्टेल असलेलं जंताचं औषध द्या, नंतरही डॉक्टर सांगतील तसं देत राहा. मेंढीचं कच्चं काळीज-फुप्फुस त्याला कधीच घालू नका. कुत्रा-मेंढी-कुत्रा असा फिरणारा एक फीतकृमी आहे, त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात पाण्याच्या गाठी होतात. मुलं त्याच्याशी खेळून आली की साबणाने हात धुवा. रेबीजची लस झाली असेलच. महूला व्हेटर्नरी कॉलेज आहे, तुमच्या रस्त्यापासून फार लांब नाही. बाकी कुत्र्याचं मानसशास्त्र मला कळत नाही, मी गाई-म्हशींचा माणूस.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. पोहेवाला, तुमचेसुद्धा.

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. वहिनीला आधी फोन केला. ती म्हणाली, 'तारेचं कुंपण आधी काढा, मग बोला.' तेवढ्यावर भावाने बांबूंचा गोल उभा केला, साठ फुटांचा. दोन मेंढ्या गाभण निघाल्या, त्या वेगळ्या बांधल्या. 'थांब' नेहरू स्टेडियमच्या बाहेर, भेळवाल्याच्या गाडीसमोर पक्कं केलं. जंताचं औषध झालं, तपासणीचा नमुना दिला आहे.

पहिल्या दिवशी रंगा कुंपणाबाहेरून बेचाळीस फेऱ्या फिरला (लेकाने मोजल्या) आणि मेंढ्या मधोमध एकमेकींच्या पोटात डोकी खुपसून उभ्या. चौथ्या दिवशी ती टाकेवाली मेंढी त्याच्याकडे तोंड करून उभी राहिली आणि पाय आपटला. रंगा आपणहून खाली बसला. मी 'थांब' म्हणालेच नव्हते. मग तिने मान वळवली आणि हरभऱ्याचा पाला खायला लागली. वहिनी दारातून बघत होती. काही बोलली नाही, पण चहा बाहेर आणून दिला.

घरी सावल्यांमागे धावणं अजून आहे, पण कमी. लेकाची लेझर टॉर्च मी कपाटात कुलूप लावून ठेवली, त्याचाही फरक असेल.

रविवारी आत नेणार आहे. एकच विचारायचं: दोरी तीस फुटी घेऊ की पन्नास?

क्राइस्टचर्चकर:
तीस. टोकाला गाठ मारू नका, मेंढीच्या पायात अडकते. आणि हातमोजे घाला, नाहीतर पहिल्याच वळशाला तळहात सोलून निघतील.