उत्तर मिशिगनमधील मूलनिवासी जमातींचे कॅसिनो-रिसॉर्ट : सासू-सासऱ्यांसह मुक्काम कुठे करावा?

प्रश्न
आम्ही डेट्रॉईटजवळ राहतो. साताऱ्याहून आलेले सासू-सासरे, आम्ही दोघे आणि नऊ वर्षांचा मुलगा असे पाच जण सप्टेंबरात तीन रात्रींसाठी ट्रॅव्हर्स सिटीकडे जाणार आहोत. सासऱ्यांना कॅसिनो एकदा आतून पाहायचा आहे, पण सासूबाईंना धुराचा त्रास होतो. कॅसिनोच्याच हॉटेलात उतरावे की वेगळीकडे? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
वेगळीकडेच उतरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. अ‍ॅक्मे येथील सतरा मजली ग्रँड ट्रॅव्हर्स रिसॉर्ट 2003 पासून ग्रँड ट्रॅव्हर्स बँड या ओडावा-ओजिब्वे जमातीच्याच मालकीचे आहे आणि तिचा टर्टल क्रीक कॅसिनो तिथून गाडीने काही मिनिटांवर आहे. त्यामुळे सासरे तासभर खेळून येईपर्यंत इतरांना खाडीकाठी निवांत बसता येईल. मिशिगनचा 2010 चा धूम्रपानबंदी कायदा जमातींच्या कॅसिनोंना लागू होत नाही, म्हणून आत धूर असतो का, हे फोन करून विचारावे. मुलाला खेळाच्या दालनात नेता येणार नाही. प्रवेशाच्या वयाची अट प्रत्येक ठिकाणी निराळी असते. सासऱ्यांचा पासपोर्ट अवश्य बरोबर ठेवावा, कारण भारतातून आलेल्या पाहुण्याला स्लॉट मशीनवर मोठी रक्कम लागली, तर सर्वसाधारणपणे तीस टक्के कर जागेवरच कापला जातो आणि त्या कागदपत्रांसाठी ओळख लागते. ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळाला ही कपात नाही.

प्रतिसाद २
वरील सल्ला योग्यच आहे. त्यात माझी एक आग्रहाची भर आहे. कॅसिनो पाहून लगेच परत फिरू नका, तर एक सकाळ राखून ट्रॅव्हर्स सिटीपासून तीसेक किलोमीटरवरच्या पेशाबेस्टाऊनला जा. तिथे लीलनॉ सँड्स हा याच जमातीचा लहान कॅसिनो आहे, पण मी पाठवतो आहे ते शेजारच्या एयाविंग संग्रहालयासाठी. या जमातीच्या लोकांनी अमेरिकी सरकारशी झालेल्या 1836 च्या करारात मिशिगनचा फार मोठा भूभाग सोडला, मात्र मासेमारीचा आणि शिकारीचा हक्क राखून ठेवला. तो मासेमारीचा हक्क पुन्हा मान्य करून घेण्यासाठी त्यांना 1970 च्या दशकात न्यायालयात लढावे लागले, आणि या जमातीला संघराज्याची मान्यता मिळायला तर 1980 उजाडले. हे ठाऊक असले की कॅसिनोकडे पाहण्याची दृष्टी बदलते. तिथला पैसा एखाद्या कंपनीच्या भागधारकांकडे न जाता जमातीच्या सरकारकडे जातो, आणि स्लॉट मशीनसारख्या यंत्रांच्या उत्पन्नाचे दोन टक्के आसपासच्या स्थानिक संस्थांनाही दिले जातात. तुमच्या मुलाच्या वयाला हे सारे नीट कळते. माझ्या मुलीने परतीच्या वाटेवर त्याबद्दलच प्रश्न विचारले होते.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. रिसॉर्टमध्येच दोन खोल्या घेते. तिसऱ्या दिवशी मॅकिनॉ पूल ओलांडून सेंट इग्नेसला जावे का? तिथला क्यूॲडिन कॅसिनो ह्यूरन सरोवराच्या अगदी काठावर आहे, असे ऐकले.

प्रतिसाद १
होय, काठावरच आहे. तो सू सेंट मेरी या शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जमातीचा आहे. परंतु ट्रॅव्हर्स सिटीहून जाऊन-येऊन चारएक तास गाडीतच जातील, आणि ज्येष्ठांना ते जड जाईल. जायचेच असल्यास तिसरी रात्र तिकडेच काढा आणि सकाळच्या बोटीने मॅकिनॉ बेटावर जा. तिथे 1898 पासून मोटारींना बंदी आहे, त्यामुळे सासूबाईंना धुराची काळजी उरणार नाही.