अमेरिकेच्या आयोवा राज्यातलं काल्पनिक शेती-शहर: इतिहास पटेल असा कसा रचावा?

प्रश्न: कथेतलं शहर 1855 मध्ये वसलेलं हवंय. सुरुवात कुठून करू?

उत्तर: जमीनमोजणीपासून. 1785 च्या कायद्याने सहा बाय सहा मैलांच्या टाउनशिप आखल्या. प्रत्येकीत 640 एकरांचे 36 सेक्शन, सोळावा सेक्शन शाळेसाठी राखलेला. रस्ते सेक्शनच्या हद्दींवरून, म्हणून काटकोनात. वळणदार गल्ल्या काढल्यात तर तिथेच खोटं पडेल.

रेल्वेची घाई नको. मिसिसिपीवरचा पहिला रेल्वेपूल 1856 चा. तोवर धान्य बैलगाडीने किंवा घोडागाडीने नदीपर्यंत न्या.

वसून शेती करणाऱ्यांना जवळपास फुकट जमीन देणारा होमस्टेड कायदा 1862 चा, त्यामुळे पहिले शेतकरी सरकारी जमीन एकरी सव्वा डॉलरने विकत घेतील. आणि शहर उत्तर-मध्य भागात असेल तर जमीन पाणथळ! भाजक्या मातीच्या नळ्या पुरून निचरा केल्यावरच मका नीट येतो. तिथली भरभराट उशिराच दाखवा.