डेंग्यूची टेस्ट एकीकडे निगेटिव्ह, दुसरीकडे पॉझिटिव्ह, खरं कोणतं धरायचं?

पारोळेकर:
पुतण्याला ताप, डोळ्यांच्या मागे ठणका, गल्लीत आधीच तिघं डेंग्यूने पडलेले. सहाव्या दिवशी जवळच्या लॅबमध्ये कार्ड टेस्ट केली, एनएस१ निगेटिव्ह, आम्ही निवांत. पण प्लेटलेट उतरायला लागले म्हणून धुळ्याला नेलं तर तिथे एलायझा नावाच्या दुसऱ्या पद्धतीच्या टेस्टमध्ये आयजीएम पॉझिटिव्ह! पहिल्या लॅबने फसवलं का?

लॅबवाला_चोपडा:
भो, दोन्ही रिपोर्ट बरोबर असू शकतात. एनएस१ म्हणजे व्हायरसचंच प्रोटीन, ते तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तात सापडतं, मग कमी होत जातं. आयजीएम म्हणजे आपलं शरीर व्हायरसविरुद्ध बनवतं ती अँटिबॉडी, ती साधारण पाचव्या दिवसानंतर दिसते. सहाव्या दिवशी नुसतं एनएस१ बघणं म्हणजे एसटी निघून गेल्यावर स्टँडवर जायचं अन् म्हणायचं गाडी आलीच नाही. कार्ड पंधरा-वीस मिनिटांत रेघ दाखवतं, प्रेग्नन्सी किटसारखंच तंत्र आहे ते, पण सरकारी दफ्तरी डेंग्यू पक्का धरतात तो एलायझावर. एलायझाच्या प्लेटला ९६ वेल म्हणजे छोटे खळगे असतात, त्यातले काही टेस्ट नीट चालली का ते बघायच्या कंट्रोललाच जातात, मग एकट्या पेशंटसाठी कोण लावतो, सॅम्पल जमेपर्यंत थांबतात म्हणून रिपोर्ट उशिरा. आयजीएमचे किट पुण्याची एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थाच बनवून देते.

केळीवाला_रावेर:
मग सरळ पीसीआर का नाही करत सगळ्यांचं? कोरोनात स्वॅब बाहेरगावी जायचा न् रिपोर्ट येईस्तोवर माणूस बरा होऊन जायचा 😄

लॅबवाला_चोपडा:
पीसीआरला महागडं मशीन, शिकलेला माणूस अन् थंड साखळी लागते. तरी खूप फरक पडलाय, मार्च २०२०मध्ये पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या कोरोना किटला मंजुरी मिळाली, त्याआधी किट परदेशातून आणावे लागायचे. अन् गोव्याचं ट्रूनॅट हे छोटं टेस्ट मशीन, मुळात टीबीसाठीचं, बॅटरीवर चालतं, ते कोरोनातही वापरलं.

अमळनेरची_ताई:
आमच्याकडे तर ताप म्हटला की टायफॉइडची विडाल टेस्ट! १८९६ची टेस्ट, एकदाच केली तर त्यावरून टायफॉइड ठरवता येत नाही, आपल्या भागात पुष्कळ लोकांच्या रक्तात अँटिबॉडी आधीच असतात. तरी प्रत्येक पेशंटला "थोडा टायफॉइड आहे" सांगतात, थोडा म्हणजे किती ते देवच जाणे.

पारोळेकर:
धन्यवाद भाऊ. पहिला रिपोर्ट काढून बघितला, ताप कितव्या दिवसाचा ते त्यावर कुठेच नाही, त्यांनी विचारलंच नव्हतं अन् आम्हीही सांगितलं नाही. पोरगा आता भाकर मागतोय.