उत्तर सायप्रसमध्ये समुद्राकाठी दोन डोनम जागा घेऊ का? शनिवारपर्यंत टोकन मागतायत

उद्यमनगर_पॅटर्नवाला

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझं पॅटर्न मेकिंगचं, म्हणजे फौंड्रीच्या ओतकामाचे नमुने बनवायचं दुकान आहे, पंचवीस वर्षं झाली. मार्चमध्ये आम्ही तिघा भावांनी उचगावची वडिलोपार्जित जमीन विकली. कर भरून माझ्या वाट्याला ८१ लाख आले, ते एफडीत आहेत. मुलगा हॉटेल मॅनेजमेंट करून गोव्यात नोकरी करतो. त्याचं स्वतःचं काहीतरी उभं राहावं, एवढं एकच माझ्या मनात आहे.

गेल्या रविवारी ताराबाई पार्कात एका हॉटेलात सेमिनार होता, मी आणि मिसेस दोघंही गेलो होतो. भूमध्य समुद्रातलं सायप्रस बेट, त्याचा उत्तर भाग, इस्केले नावाचं ठिकाण. किनाऱ्याला लागून दोन डोनम जागा ६० लाखांत. एक डोनम म्हणजे १३३८ चौरस मीटर, म्हणजे दोन डोनमला साधारण साडेसव्वीस गुंठे होतात. कंपनीच त्यावर बंगले बांधणार, कंपनीच चालवणार, भाडं आपल्याला. या पैशात मालवणात समुद्राला लागून एवढी जागा मिळत नाही, हे मला पक्कं माहीत आहे.

टायटलचं विचारलं तर "एक्स्चेंज टायटल आहे, सगळे तेच घेतात" म्हणाले. पैसे दुबईतल्या एका कंपनीच्या खात्यावर पाठवायचे आहेत. शनिवारपर्यंत दोन लाख टोकन. तिथंच सात जणांनी टोकन दिलं. मी थांबलो, कारण ती जागा याआधी कुणाची होती या प्रश्नाला कुणी सरळ उत्तर देईना. सातबारा काढला की फेरफार मागं मागं बघत जायची सवय आहे आपल्याला. कुणाला तिथली माहिती असेल तर कृपया लिहा.

गगनबावडा_घाट

काका, माझ्या मेव्हण्यानं देवबागला किनाऱ्याची जागा घेतली. सातबाऱ्यावर सोळा नावं निघाली, दोघं मुंबईत, एक मयत. वरून सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम, त्यामुळं बांधकाम अजून जोत्यावरच आहे. गाडीनं तीन-चार तासांवरच्या जागेचं हे असं होतंय. एवढ्या लांब कोण बघणार?

गडहिंग्लजचा_निकोसियात

दादा, मी २०१६ ते २०२२ सायप्रसमध्ये होतो, राजधानी निकोसियात एका हॉटेलच्या किचनमध्ये. लांब आहे म्हणून भिऊ नका. भ्यायचं कारण वेगळं आहे, ते नीट सांगतो.

जुलै १९७४ मध्ये तुर्कस्तानचं सैन्य बेटावर उतरलं आणि बेटाचे दोन तुकडे झाले. उत्तरेतले ग्रीक सायप्रियट घरंदारं टाकून दक्षिणेला पळाले, दक्षिणेतले तुर्की सायप्रियट उत्तरेला गेले. १९८३ मध्ये उत्तरेनं स्वतःला वेगळा देश जाहीर केलं. सुरक्षा परिषदेनं त्याच वर्षी ५४१ क्रमांकाच्या ठरावानं ते अवैध ठरवलं. तुर्कस्तान सोडला तर तो देश कुणीही मानत नाही, आपला भारतही नाही. आपलं उच्चायुक्तालय दक्षिण निकोसियात आहे, म्हणजे उत्तरेत व्यवहार फसला तर दाद मागायला आपलं कुणी नाही.

आता एक्स्चेंज टायटल. दक्षिणेत जमीन सोडून आलेल्या तुर्की माणसाला तिच्या बदल्यात उत्तरेतली ग्रीक माणसाची जमीन तिथल्या प्रशासनानं लिहून दिली. ग्रीक मालकानं ती विकलेली नाही, सोडून दिल्याची सहीही केलेली नाही. दक्षिणेच्या भूमी अभिलेख खात्यात तिच्यावर आजही त्याचंच किंवा त्याच्या वारसांचं नाव आहे. तुम्हाला सांगितलेलं इस्केले म्हणजे ग्रीक लोकांचं त्रिकोमो. आणखी एक प्रकार आहे, सैन्यातल्यांना किंवा तुर्कस्तानातून आलेल्यांना वाटून दिलेली जागा. ती तर आणखी कच्ची. १९७४ आधीपासून तुर्की किंवा परदेशी मालकाच्या नावावर असलेली जमीन त्यातल्या त्यात साफ मानतात, तिचा भाव अर्थातच जास्त. तुमच्या ६० लाखांचं कारण इथं आहे.

कोर्टात काय झालं तेही सांगतो. ऑरम्स नावाच्या इंग्रज जोडप्यानं उत्तरेत लापिथोसला जागा घेऊन व्हिला बांधला. मूळ मालक अपोस्तोलिदिस यांनी दक्षिणेच्या कोर्टात दावा लावला. व्हिला पाडा, जागा परत द्या, भरपाई द्या, असा निकाल लागला. हा निकाल इंग्लंडमध्येही लागू करता येतो, असं युरोपीय संघाच्या न्यायालयानं २००९ मध्ये सांगितलं आणि २०१० मध्ये इंग्लंडच्या कोर्टानं ते मान्य केलं. तुमची युरोपात मालमत्ता नाही, तुम्ही म्हणाल माझं काय जप्त करणार? पण २००६ पासून मूळ मालकाच्या संमतीशिवाय अशी जमीन विकणं, घेणं, भाड्यानं देणं हा दक्षिणेत फौजदारी गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा. अलीकडे त्यात अटकाही झाल्यात. दक्षिण सायप्रस युरोपीय संघात आहे. जागा मुलाच्या नावावर केली आणि उद्या तो युरोपातल्या हॉटेलात नोकरीला निघाला तर? तेवढा विचार जरूर करा.

माझ्या घरमालकीणबाई लापिथोसच्याच. तिथं जमिनीच्या कागदाला कोचान म्हणतात. त्यांचं कोचान इंग्रजांच्या काळातलं, लाइटबिलांच्या फाइलमध्येच ठेवलेलं. २००३ मध्ये दोन भागांमधली नाकी उघडल्यावर त्या आपलं घर बघून आल्या. आत राहणाऱ्या कुटुंबानं कॉफी पाजली, परसातली लिंबं पिशवीत भरून दिली. "ती लिंबं मी कापू शकले नाही, तशीच वाळली," एवढं त्यांनी मला सांगितलं होतं. दादा, नकाशावर रिकामा दिसणारा तुकडा असाच कुणाचा तरी असतो.

राजारामपुरी_सीए

पैशाच्या बाजूचं लिहितो. परदेशात जागा घेण्यावर बंदी नाही. एलआरएस, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेखाली माणशी एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर पाठवता येतात, पण ते स्वतःचे हवेत, त्यासाठी बँकेचं कर्ज चालत नाही. दहा लाखांवरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे बँक आधीच घेते तो कर, कापतात, म्हणजे ६० लाखांवर दहा लाख आधी बाजूला काढावे लागतील. ते रिटर्नमध्ये वळते होतात, पण तोवर अडकतात. जागा दरवर्षी रिटर्नच्या एफए शेड्यूलमध्ये, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवायची, विसरलात तर काळ्या पैशाच्या कायद्यात दहा लाखांचा दंड होऊ शकतो. तिथलं भाडंही इथं करपात्र.

मला सगळ्यात खटकलं ते दुबईचं खातं. परदेशी पैसे पाठवताना भरायच्या बँकेच्या ए-टू फॉर्मवर तुम्ही "सायप्रसमध्ये जागा खरेदी" लिहिणार आणि पैसे जाणार तिसऱ्याच देशातल्या कंपनीला. त्या फॉर्मवर सही तुमची असते, एजंटची नाही. टोकन रोखीत तर अजिबात देऊ नका.

उद्यमनगर_पॅटर्नवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. गडहिंग्लजचे भाऊ, मग दक्षिण भागात घेतली तर?

गडहिंग्लजचा_निकोसियात

तिथं टायटल साफ मिळतं, पण युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला सरकारी परवानगी लागते आणि जमीन जास्तीत जास्त तीन डोनम, म्हणजे जवळपास एक एकर. तीही राहण्यासाठी, धंद्याचे बंगले ओळीनं बांधायला नाही. वाळूचा किनारा सगळ्यांचा, आणि भरतीच्या रेषेपासून शंभर यार्डांत बांधकामावर कडक बंधनं आहेत. पाफोस, लार्नाकाकडं भाव ऐकलात तर ६० लाखांत काय येईल ते कळेल. मुलाला आधी तिथं एक सीझन, एप्रिल ते ऑक्टोबर, नोकरी करू दे. धंदा कसा चालतो ते त्याला दिसेल.

उद्यमनगर_पॅटर्नवाला

काल एजंटला फोन करून १९७४ च्या मालकाचं नाव मागितलं. "तुम्ही फार खोलात जाताय" म्हणाला. टोकन देणार नाही, ठरलं.

रात्री आईला लिंबांचं सांगितलं. आईचं माहेर काळम्मावाडी धरणात गेलं. मोबदला मिळाला, कागलकडं जमीन मिळाली, भावांचे संसार उभे राहिले. तरी उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिला तिथं न्यावं लागतं. "हितं आमचा गोठा होता" म्हणून बोट दाखवते. ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "त्या बाईला तर मोबदलाबी न्हाई." माझ्या पोराचा धंदा असल्या जागेवर मला उभा करायचा नाही.

टोकन दिलेल्या सात जणांत दोघं शिरोलीचे फौंड्रीवाले आहेत, माझ्याकडूनच पॅटर्न नेतात. हे सगळं छापून घेऊन आज संध्याकाळी त्यांच्याकडं जातोय. सीए साहेब, दिलेलं टोकन परत मागायला लेखी काय द्यावं, तेवढं पाचच्या आत लिहिलंत तर फार उपकार होतील.