मदत हवी आहे: ४०० कॅसेटींच्या रेकॉर्डिंगसाठी हार्ड डिस्क घ्यायचीय, भावांची तुलना नेमकी कशावर करायची?

नमस्कार मंडळी,

सांगलीतून लिहितेय, गावभागातून. प्रश्न हार्ड डिस्कच्या भावाचा आहे, पण ती कशासाठी हवीय ते आधी सांगते, म्हणजे सल्ला देणाऱ्यांना सोपं जाईल.

आमच्या आण्णांनी तीसेक वर्षं कॅसेटवर गाणं जमवलं. काही रेडिओवरून टिपलेलं, काही घरगुती बैठकांतलं, आणि बरंचसं मिरजेच्या उरसातलं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात चिंचेखाली जी गाणी होतात, तिथं ते कापडी पिशवीत टेपरेकॉर्डर घेऊन जायचे. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा घरात शिरली तेव्हा आम्ही माणसं, कागदपत्रं आणि धान्य माडीवर नेलं. खालच्या कपाटातली एक ट्रंक राहून गेली. पाणी ओसरल्यावर उघडली तर प्रत्येक डबीत गाळ, फीत एकमेकीला चिकटलेली आणि लेबलांवरची आण्णांची निळी अक्षरं निम्मी धुऊन गेलेली. एका कॅसेटवर फक्त ‘भीमप’ एवढंच वाचता येतं. ती मी टाकलेली नाही.

उरलेल्या साधारण ४०० कॅसेटी मी आता एकेक करून लॅपटॉपवर घेतेय. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ या दर्जाला ९० मिनिटांची कॅसेट दीड जीबीच्या थोडी वर जाते. म्हणजे सगळं मिळून सव्वासहाशे जीबीच्या आसपास. बजेट १२,००० रुपये, त्याच्या वर एक रुपया नाही.

पेठेतल्या तीन दुकानांत आणि दोन ऑनलाइन साइटवर भाव बघितले. १ टीबीची (म्हणजे हजार जीबीची) पोर्टेबल हार्ड डिस्क दुकानात ५,९००, ऑनलाइन ५,४५०. २ टीबीची दुकानात ८,३००, ऑनलाइन ७,९००. १ टीबीचा पोर्टेबल एसएसडी (फिरती तबकडी नसलेला, चिपवर साठवणारा) ऑनलाइन साडेनऊ हजारांच्या पुढं. टीबीमागं भाव काढला तर २ टीबी चार हजारांच्या आत बसते आणि १ टीबी साडेपाचला पडते. सगळे हाच हिशोब करायला सांगतात, आणि त्या हिशोबानं २ टीबी घेणंच शहाणपणाचं दिसतं.

पण माझं मन तिथं घेत नाही. जागा १ टीबीची पुरते. (खोक्यावर १ टीबी लिहिलं तरी विंडोज ९३१ जीबीच दाखवतं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४च्या, त्यात फसवणूक नाही.) मला हव्यात दोन प्रती: एक इथं, एक साताऱ्याला मावशीकडं, जिथं आमच्या नदीचं पाणी पोचणार नाही. मग मी भाव जीबीमागं काढायचा की प्रतीमागं? प्रतीमागं काढला तर दोन वेगळ्या १ टीबी १०,९०० ला येतात, आणि २ टीबीची एकच डिस्क ७,९०० ला घेऊनही माझ्याकडं प्रत एकच राहते.

एसएसडी मी जवळजवळ बाद केलाय. तो वेगवान असतो, पडला तरी सहसा टिकतो, हे खरं. पण ही डिस्क मावशीच्या कपाटात वर्षानुवर्षं वीज न लावता पडून राहणार आहे, आणि एसएसडीतला चार्ज तसा हळूहळू गळतो असं वाचलं. फक्त साठवणीसाठी फिरत्या तबकडीची डिस्कच बरी ना?

आणखी एक. शेजारच्या दादांनी ऑनलाइन ७९९ ला ‘२ टीबीचा पेनड्राइव्ह’ घेतला. लॅपटॉपला लावला की २ टीबी दाखवतो, फाइलींची नावंही दिसतात, पण उघडायला गेलं की निम्म्या उघडतच नाहीत. आत बारकी चिप असते आणि तिला खोटा आकडा सांगायला शिकवलेलं असतं. जागा संपली की पुढचा डेटा जुन्यावरच लिहिला जातो किंवा हवेत जातो. त्यांच्या नातवाच्या बारशाचे फोटो त्यात होते. म्हणून माझी कळकळीची विनंती, स्वस्त म्हणून असलं काही सुचवू नका. आणि कुणी घेतलंच असेल तर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आधी चालवा. ते अख्खी जागा भरून परत वाचून बघतं. बराच वेळ लागेल, पण खरं-खोटं कळेल.

एका दुकानात ‘बिल नको असेल तर कमी करतो’ म्हणाले. मी नको म्हटलं. वॉरंटीसाठी उद्या बिलच मागणार ना? शिवाय खोक्यावरचा सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला की भारतात वॉरंटी आहे की नाही ते दिसतं, तेही दुकानातच बघून घेणार आहे. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, आतलं गाणं नाही, एवढं ठाऊक आहे.

ऑनलाइनच्या ४५० रुपयांच्या फरकाचं मला फार वाटत नाही. डिस्क नाजूक, कुरिअरवाला ती कशी टाकेल सांगता येत नाही. पेठेतला माणूस समोर लावून दाखवतो. तुम्ही काय करता?

भर, दुसऱ्या दिवशी: इतक्या प्रतिसादांबद्दल मनापासून आभार.

ज्यांनी ‘दिवाळी सेलपर्यंत थांबा’ लिहिलं त्यांना: थांबायची भीती वाटते. २०११ला थायलंडमध्ये पूर आला, हार्ड डिस्कचे कारखाने पाण्यात गेले आणि जगभर डिस्क महागल्या. पुराचा मार काय असतो हे आम्हा सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. २०२५ संपता संपता डेटा सेंटरच्या मागणीमुळं मेमरीचे भाव चढले, तेही सगळ्यांनी पाहिलंय. शिवाय कॅसेटी दर पावसाळ्यात आणखी खराब होतायत. सेलमधली ती जादा सूट बहुतेक वेळा क्रेडिट कार्डावर असते, आणि ते माझ्याकडं नाही.

एका काकांनी फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजाची फाइल दाबून लहान करणाऱ्या प्रकारात, साठवायला सुचवलं. दहा कॅसेटींवर करून पाहिलं. आवाजातलं काहीही न गमावता आकार साधारण साठ टक्क्यांवर आला. म्हणजे सगळं मिळून पावणेचारशे जीबी! याचा अर्थ माझ्या बंद पडलेल्या जुन्या लॅपटॉपमधली ५०० जीबीची डिस्कसुद्धा एका प्रतीला पुरते. मग नवी १ टीबी एक, जुनीला केसिंग (डिस्क आत बसवून यूएसबीनं जोडायची डबी), आणि उरलेल्या पैशांत कॅसेट प्लेअरचं हेड साफ करून घेता येईल. ते काम मी दोन महिने पुढं ढकलतेय.

क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर तपासायला सांगितलं होतं, म्हणून भाच्याकडून ती जुनी डिस्क त्याच्या संगणकाला लावून घेतली. निळ्या चौकटीत ‘गुड’ आलं, रीअलोकेटेड सेक्टर (खराब झाल्यानं बदललेले भाग) शून्य. तरी डिस्क दहा वर्षांची आहे, म्हणून ती इथं घरी राहील आणि नवी साताऱ्याला जाईल. की उलटं करू?

केसिंगबद्दल मात्र मदत हवीच आहे. पेठेत दोन प्रकार दिसले. यूएसबी २.०चं २५० ला आणि ३.०चं ४५० ला. दिसायला दोन्ही सारखीच. २.०वर सेकंदाला ३५ एमबीच्या आसपासच जातं म्हणतात, म्हणजे पावणेचारशे जीबीला तीन तास; ३.०वर जुनी डिस्क जेवढी धावेल तेवढं. दोनशे रुपये त्यासाठी द्यायला माझी हरकत नाही.

अडचण जाडीची आहे. माझी डिस्क मोजली तर साडेनऊ मिलिमीटर भरली. दुकानदार म्हणाला, ‘ताई, आमच्याकडची सातचीच, पातळ डिस्कची.’ साडेनऊची, यूएसबी ३.०ची केसिंग सांगली-मिरजेत किंवा कोल्हापुरात कुणी अलीकडं घेतली असेल तर किती रुपयांना आणि कुठल्या भागातून, एवढं सांगा. शनिवारी मी मिरजेला जाणार आहे, जमलं तर तेव्हाच घेऊन येईन.